प्रश्न वाचकांचे : पूल पुरा होण्याआधी

मागच्या अंकातल्या दगडी कमानींवरच्या टिपणानंतर जी पत्रं आली, ती बहुतेक एकाच दिशेची होती. तयार पूल कसा उभा राहतो ते कळलं, पण तयार होईपर्यंत तो कसा उभा असतो, तेही सांगा. ही विचारणा वाचून मला मनापासून आनंद झाला. माझी नोकरीची सगळी वर्षं तात्पुरत्या कामांत गेली. सेंटरिंग, परांच्या, टेकू, जॅक, म्हणजे पूल झाला की जे सोडवून न्यायचं, ते सगळं. पुलांच्या इतिहासात या सामानाला फार तर दोन ओळी मिळतात. माझं मत असं, की पुलाचा प्रत्येक नवा प्रकार उभारणीची नवी रीत सापडली तेव्हाच नदीवर उतरला, तोवर तो कागदावरच राहिला. खालची उत्तरं या मताच्या बाजूनं झुकलेली आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : माथ्यावरचा शेवटचा दगड बसला की कमान स्वतःच्या वजनानंच घट्ट होते, असं तुम्ही लिहिलंत. मग तो दगड बसेपर्यंत बाकीचे दगड कशाच्या आधारावर असतात? आणि तो आधार काढताना कमान हलत नाही का? (वास्तुकलेचा एक विद्यार्थी)

लाकडाच्या आधारावर. कमानीच्या पोटाच्या आकाराचा लाकडी सांगाडा आधी उभारायचा, दोन्ही पायथ्यांकडून सारखे दगड रचत माथ्यापर्यंत यायचं, माथा बंद झाला की सांगाडा उतरवायचा. हेच सेंटरिंग. मोठ्या कमानीचं सेंटरिंग म्हणजे मोडून टाकण्यासाठी बांधलेला एक अख्खा लाकडी पूलच. त्याला लाकूड बेसुमार लागतं, कसबी सुतार लागतात, आणि काम अर्धवट असताना नदीला पूर आला तर सगळंच वाहून जातं. म्हणून एकच सांगाडा पुन्हा पुन्हा कसा वापरता येईल, ही धडपड दोन हजार वर्षं चालू आहे.

फ्रान्समधला पाँ द्यु गार हा रोमनांचा पाणी नेणारा पूल पहिल्या शतकातला. त्याच्या फोटोत अंगातून बाहेर डोकावणारे दगड दिसतात. परांच्या आणि सेंटरिंग टेकवायला ते मुद्दाम पुढे काढलेले होते आणि काम झाल्यावर कुणी ते तासून टाकले नाहीत. खालच्या रुंद कमानी नीट पाहिल्या तर एकीला एक चिकटून उभ्या असलेल्या अरुंद कमानींची ती जुडी आहे, हे लक्षात येतं. चीनमध्ये ली चुन यानं सन 605 च्या सुमारास पुरा केलेला आंजी पूल 37 मीटरच्या एकाच कमानीचा आहे, आणि तीही शेजारी शेजारी लावलेल्या 28 पट्ट्यांची. एक पट्टी पुरी झाली की तिच्याखालचा सांगाडा बाजूला सरकवून पुढची पट्टी रचायला घेता येते. हा पूल आजही उभा आहे.

अपयशाची एक गोष्ट मात्र सविस्तर सांगायलाच हवी. वेल्समध्ये टॅफ नदीवर पाँटिप्रिद इथं विल्यम एडवर्ड्स नावाच्या धर्मोपदेशकानं पूल बांधायला घेतला. गवंडीकाम तो स्वतःच शिकलेला. पहिला तीन गाळ्यांचा (गाळा म्हणजे दोन आधारांमधलं मोकळं अंतर) पूल 1746 मध्ये झाला आणि थोड्याच काळात पुरात गेला. खांबच नकोत म्हणून त्यानं पात्रावर एकच मोठी कमान टाकायचं ठरवलं. ती होत आली असताना पुरानं सेंटरिंगच उखडून नेलं. तिसऱ्या खेपेला कमान पुरी झाली, सांगाडा निघाला, आणि नंतर माथा खाली यायच्या ऐवजी वर उचलला जाऊन पूल कोसळला. कमानीच्या दोन्ही खांद्यांवर भराव फार जड होता आणि माथा हलका. खांद्यांच्या वजनानं माथा वर ढकलला गेला. चौथ्या खेपेला, 1756 मध्ये, एडवर्ड्सनं प्रत्येक खांद्यात तीन गोल आरपार भोकं ठेवून तिथलं वजन कमी केलं. सुमारे 43 मीटरची ती कमान अजून आहे. ती गोल भोकं बघून लोक तिला सुंदर म्हणतात. ती आहेच सुंदर, पण ती भोकं तिसऱ्या कोसळण्याचं उत्तर आहेत.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हो, हलते, प्रत्येक कमान हलते. सेंटरिंग सुटलं की सगळे सांधे दाबले जातात आणि माथा थोडा खाली येतो. म्हणून माथा मुळातच तेवढा उंच ठेवून बांधतात. पॅरिसजवळच्या न्यूयीच्या पुलावर जाँ रोदोल्फ पेरोनेनं या क्षणाचा सोहळाच केला. त्याआधीच्या पुलांचे खांब गाळ्याच्या पाचव्या हिश्श्याइतके जाड असत, कारण प्रत्येक कमानीचा आडवा रेटा तिच्या खांबानं एकट्यानं सोसायचा असे. पेरोनेनं ओळखलं, की शेजारच्या दोन कमानी एकाच वेळी उभ्या असतील तर त्यांचे रेटे खांबावर एकमेकांना मारतात आणि खांबाला फक्त वजन पेलायचं उरतं. त्यानं 39 मीटरच्या गाळ्यांना जेमतेम सव्वाचार मीटरचे खांब दिले. पण मग एकेक गाळा पुरा करून पुढे जाण्याची सोय संपली. पाचही सेंटरिंगं शेवटपर्यंत ठेवून सगळी बरोबरच उतरवावी लागणार होती. 22 सप्टेंबर 1772 रोजी पंधरावा लुई आणि मोठा जनसमुदाय यांच्यासमोर ती उतरवली गेली. बारीक खांबांमुळे नदीला वाहायला जागा राहिली. बारीक खांब मिळाले ते मात्र सेंटरिंग उतरवण्याचा क्रम बदलला म्हणून.

क्रमाची गोष्ट निघालीच आहे तर माझ्या कामातलं थोडं सांगते. कमानीचे टेकू माथ्यापासून सुरू करून दोन्ही पायथ्यांकडे जोडीजोडीनं सैल करायचे, साध्या तुळईचे मध्यापासून टोकांकडे, आणि पुढे काढलेल्या छज्जाचे टोकापासून भिंतीकडे. उलटं केलंत, तर उरलेला एकटा टेकू नको तिथं आधार होतो आणि काँक्रीट जिथं सळ्या नाहीत तिथं फाटतं. मी नवशिकी असताना एका काँक्रीट कमानीच्या माथ्याखाली डायल गेज, म्हणजे बारीकशी हालचालही काट्यावर दाखवणारं मापक, वाचायला बसले होते. मुकादमानं शिट्टी दिली की दोन्ही बाजूंचे गडी एकदम पाचरींवर घाव घालायचे, आणि पाचर एका फेरीला काही मिलिमीटरच सुटायची. मग सगळ्यांनी थांबायचं. काटा सरकायचा, सावकाश होत होत स्थिर व्हायचा, मी आकडा मोठ्यानं सांगायचे, मग पुढची शिट्टी. एखादी पाचर हातानं हलायला लागली, की तिच्यावरचं वजन कमानीनं घेतलं असं समजायचं. मला फार आवडणारी आणखी एक रीत वाळूच्या डब्यांची. टेकूचा पाय वाळूनं भरलेल्या लोखंडी डब्यात बसवतात. उतरवायची वेळ आली की डब्याच्या तळाचं बूच काढायचं, वाळू बारीक धारेनं बाहेर येते आणि टेकू धक्का न बसता खाली जातो.

कमान उतरवून झाली म्हणजे हालचाल संपली, असंही नाही. 1911 च्या सुमारास यूजेन फ्रेसिनेनं फ्रान्समध्ये ल व्हर्द्रला अल्ये नदीवर काँक्रीटचा तीन गाळ्यांचा फार चपटा पूल बांधला. सेंटरिंग त्यानं पाचरींनी काढलं नाही. माथ्यातच जॅक बसवून कमानीचे दोन अर्धे एकमेकांपासून दूर ढकलले, की कमान आपोआप सांगाड्यावरून उचलली गेली. पूल सुरू झाला. काही महिन्यांनी त्याच्या लक्षात आलं, की माथे हळूहळू बसताहेत आणि बसण्याचा वेग कमी होत नाहीये. तोपर्यंत काँक्रीट एकदा घट्ट झालं की वजनाखाली कायमचंच घट्ट, असं मानलं जाई. खाली येणं 13 सेंटिमीटरपर्यंत गेलं होतं. एका रात्री फ्रेसिनेनं काही विश्वासातली माणसं उठवली, माथ्यात पुन्हा जॅक लावले, कमानी उचलून जागेवर आणल्या आणि माथ्यातला सांधा भरून बंद केला. काँक्रीट सतत दाबाखाली वर्षानुवर्षं सरकत राहतं हे पुढे सर्वमान्य झालं. तारा ताणून काँक्रीट आधीच दाबून ठेवायचं त्याचं तंत्र, ज्याचं पेटंट 1928 मधलं, ते या सरकण्याचा हिशेब धरल्याशिवाय टिकलंच नसतं.

प्रश्न : खोल दरीवर किंवा समुद्रावर झुलता पूल बांधताना सगळ्यात पहिला दोर पलीकडे कसा नेतात? (इयत्ता आठवीतली वाचक)

तुझा प्रश्न नेमका आहे, कारण झुलत्या पुलाचं काम तिथूनच सुरू होतं. बारीक दोर पलीकडे गेला की त्यानं जाड दोर ओढायचा, त्यानं आणखी जाड. नायगाराच्या घळीवर पाणी इतकं खवळलेलं की होडी घालायची सोय नव्हती. तिथं 1848 मध्ये पूल बांधायला निघालेल्या चार्ल्स एलेटनं पतंग उडवण्याची स्पर्धा लावली. होमन वॉल्श नावाच्या मुलानं, तो तुझ्याहून फार मोठा नव्हता, पतंग पलीकडे उतरवला आणि त्याच्या दोऱ्यावरून पुढचं सगळं गेलं.

वेल्समध्ये मेनायच्या सामुद्रधुनीवर थॉमस टेलफर्डचा 176 मीटर गाळ्याचा पूल लोखंडी साखळ्यांवर बांधला होता. तिथं एप्रिल 1825 मध्ये पहिल्या साखळीचा मधला भाग तराफ्यावर घालून भरतीच्या वेळी मनोऱ्यांमध्ये आणला आणि दीडशे माणसांनी रहाट फिरवून वर ओढला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पहिला दोर होडीनं गेला. दोर फिरता झाल्यावर ऑगस्ट 1876 मध्ये मुख्य मेकॅनिक फॅरिंग्टन एका लाकडी फळीवर बसून नदीवरून पलीकडे गेले, कारण आपल्या कामगारांना पुढे याच दोरांवर लोंबकळायचं आहे, तर आधी आपण जाऊन दाखवावं असं त्यांना वाटलं. जपानच्या आकाशी काइक्यो पुलासाठी हेलिकॉप्टरनं दोर नेला. चीनमध्ये सिडू नदीच्या दरीवर चक्क रॉकेटला दोर बांधून सोडला.

मोठ्या पुलाची केबल अखंड जाड दोर म्हणून उचलून नेत नाहीत. ती एवढी जड होते, की उचलणार कशानं? एक चाक तार घेऊन या काठावरून त्या काठावर येरझारा घालतं आणि तारेला तार लावत केबल जागेवरच तयार होते. गोल्डन गेटच्या प्रत्येक केबलमध्ये 27,572 तारा आहेत.

प्रश्न : नदीत एकही टेकू न लावता दोन्ही काठांकडून पूल पुढे सरकवत आणतात. मध्यावर ते अचूक जुळतात कसे? (निवृत्त सर्वेक्षक)

अचूक कधीच जुळत नाहीत. ते जुळवावे लागतात, आणि तुम्ही मोजणीतले असल्यानं हे तुम्हाला लगेच पटेल.

सेंट लुईसला मिसिसिपीवर जेम्स ईड्सला पोलादी कमानींचा पूल बांधायचा होता. गाळे तीन, मधला 158 मीटरचा. बोटींची वाट अडवायची नाही अशी अट, म्हणून सेंटरिंग बाद. त्यानं प्रत्येक खांबावर तात्पुरता मनोरा उभारला, त्यावरून केबली टाकल्या आणि दोन्हीकडच्या अर्ध्या कमानी हवेत धरून ठेवत पुढे नेल्या. सप्टेंबर 1873 मध्ये पहिली कमान जुळवायची वेळ आली तेव्हा उन्हाळ्याची लाट होती. पोलाद फुगलेलं, त्यामुळे शेवटचा तुकडा बसेना. कमानीभोवती गोणपाट गुंडाळून बर्फ रचला. रात्रभर बर्फ घालूनही अंतर पुरेसं वाढलं नाही. ईड्सनं मात्र ही शक्यता आधीच धरली होती. आटे पाडलेले, लांबी कमीजास्त करता येणारे खास तुकडे त्यानं करून ठेवले होते, ते घालून कमान बंद झाली. आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. 100 मीटर पोलाद 40 अंशांच्या फरकात सुमारे 48 मिलिमीटर लांबतं. म्हणूनच जुळणीचं काम आजही पहाटे, सगळा सांगाडा एकसारख्या तापमानाला आलेला असताना करतात.

स्कॉटलंडच्या फोर्थ पुलावर (1890, मुख्य गाळे 521 मीटर) केबलींचीही गरज पडली नाही. मनोऱ्याच्या दोन्ही अंगांना सारखं वजन वाढवत गेलं की तोलच आधार होतो. या पुलाच्या अभियंत्यांपैकी एक, बेंजामिन बेकर, याचं ते प्रसिद्ध छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल. दोन माणसं खुर्चीत बसून हात पसरतात, हातात काठ्या, बाहेरच्या टोकांना विटांचं वजन, आणि मधल्या फळीवर काइची वातानाबे हा जपानी अभियंता अधांतरी बसलेला. पूल पुरा झाल्यावर वजन कसं वाहील, हे त्यात दिसतं. मला त्यात बांधणीचा क्रमही दिसतो.

सिडनीच्या बंदरावरची 503 मीटरची कमान ही या रीतीची सर्वांत देखणी पायरी. प्रत्येक अर्ध्या कमानीला 128 केबलींनी मागे खेचून धरलं होतं. त्या केबली खडकात खोदलेल्या नालेच्या आकाराच्या बोगद्यांतून वळवून आणल्या होत्या. दोन्ही अर्धी टोकाला पोचली तेव्हा मध्ये सुमारे एक मीटर अंतर मुद्दाम ठेवलेलं होतं. मग केबली थोड्या थोड्या सैल करत दोन्ही बाजू एकमेकींवर झुकवल्या. काम चालू असताना वादळी वारा सुटला, पण कमानी तगल्या. 19 ऑगस्ट 1930 च्या रात्री त्या भेटल्या. काँक्रीटमध्ये हीच रीत उलरिश फिन्स्टरवाल्डरनं जर्मनीत बाल्डुइनस्टाइन इथं 1950-51 मध्ये आणली. खांबावरून दोन्हीकडे एकेक तुकडा ओतायचा, ताणलेल्या तारांनी मागच्याला आवळायचा, साचा पुढे ढकलायचा. नदीवरच्या मोठ्या काँक्रीट पुलांचं काम आज बहुतांशी असंच चालतं.

प्रश्न : माझा मुलगा पुलाच्या कामावर सुपरवायझर आहे. चालू कामातच पूल कोसळल्याची बातमी आली की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. तयार पूल एवढी वाहनं पेलतो, मग गाडी चढायच्या आधीच तो पडतो कसा? (एक आई)

तुमच्या काळजीला आधार आहे, म्हणून गुळमुळीत उत्तर देणार नाही. अर्धवट पूल हा वेगळाच सांगाडा असतो. तयार पुलात जो भाग दाबाखाली असतो तो बांधताना ताणाखाली असू शकतो, जो शेवटी चारी बाजूंनी बांधलेला असतो तो आज एका बाजूनं मोकळा असतो. तयार पुलाचा हिशेब एकदा करायचा असतो, चालू पुलाचा प्रत्येक टप्प्याला.

कॅनडातला क्वेबेकचा पूल हे याचं सर्वांत वेदनादायक उदाहरण. मुख्य गाळा आधी 488 मीटरचा ठरला होता, तो वाढवून 549 मीटर केला. पण पुलाचं स्वतःचं वजन जुन्याच अंदाजानं धरलेलं राहिलं. चूक कळली तेव्हा बरंच पोलाद तयार होऊन गेलं होतं, आणि वाढलेला ताण चालेल असं ठरवण्यात आलं. 1907 च्या ऑगस्टमध्ये खालच्या दाबाच्या पट्ट्यांना बाक आलेला साइटवर दिसू लागला. एकीचा बाक दोनेक आठवड्यांत पाऊण इंचावरून सव्वादोन इंचांवर गेला. तिथल्या काहींचं म्हणणं पडलं, की बाक आधीपासूनच असणार. नॉर्मन मॅक्लुअर हा तरुण अभियंता ते मोजमाप घेऊन न्यूयॉर्कला सल्लागार थिओडोर कूपर यांच्याकडे गेला. कूपरनी तार केली, की पुलावर आणखी वजन चढवू नका. पण ती पोलादाच्या कारखान्याला गेली, पुलावर पोचलीच नाही. 29 ऑगस्टला काम सुटायला थोडाच वेळ असताना पूल नदीत गेला. 75 माणसं मेली. त्यांतली 33 कानावागे या मोहॉक आदिवासींच्या एकाच वस्तीतली होती. बाक दिसला होता, मोजला होता, लिहून कळवला होता. अधिकार असलेला माणूस मात्र जागेवर नव्हता. हे मी जितक्या वेळा वाचते तितक्या वेळा मला संताप येतो.

दुसरं उदाहरण मेलबर्नच्या वेस्ट गेट पुलाचं. तिथं पोलादी पेटीसारखा गर्डर (पुलाची मुख्य तुळई) लांबीच्या दिशेनं दोन अर्ध्यांत जोडून वर चढवला आणि मग ते दोन अर्धे एकमेकांना जोडायला घेतले. एक दुसऱ्यापेक्षा 114 मिलिमीटर उंच निघाला. तो खाली दाबायला काँक्रीटचे अवजड ठोकळे ठेवले. पोलादी पत्र्याला फुगवटा आला. फुगवटा काढण्यासाठी जोडाचे बोल्ट सोडायला सुरुवात झाली, आणि 15 ऑक्टोबर 1970 ला सुमारे दोन हजार टनांचा गाळा खाली आला. 35 जण गेले. काही जण त्याच गाळ्याखालच्या साइटवरच्या खोल्यांत जेवणाच्या सुट्टीत बसलेले होते.

या धक्क्यांतून नियम बदलले, हेही तुम्हाला सांगायला हवं. 1972 मध्ये इंग्लंडमध्ये लॉडन नदीवरच्या पुलाचं स्टेजिंग, म्हणजे खालून आधार देणारा टेकूंचा सांगाडा, काँक्रीट ओतताना कोसळून तिघे गेले. मग नेमलेल्या ब्रॅग समितीनं 1975 च्या अहवालात तात्पुरत्या कामासाठी साइटवर एक ठरावीक जबाबदार माणूस हवा, असं सांगितलं. त्याच्या होकाराशिवाय भार चढवायचा नाही, टेकू काढायचा नाही. माझ्या मते एवढ्या एका सूचनेनं जितके जीव वाचले असतील तितके मोठमोठ्या सिद्धांतांनी वाचले नसतील.

तुमच्या मुलाला माझ्याकडून एवढं सांगा. स्टेजिंगचा सही केलेला नकाशा साइटवर आहे ना, ते बघ. रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी काँक्रीट ओतण्याआधी टेकूंच्या पायाखालची माती स्वतः जाऊन पाहा, पाण्यानं ढिली झालेल्या जमिनीत टेकू खचतो. तिरकस बांधण्या कुणी वाटेत येतात म्हणून काढल्या असतील तर काम थांबव. वजन असलेल्या जोडाचा बोल्ट तोंडी सांगण्यावरून कधीही सोडू नकोस. आणि कामाखाली जेवायला किंवा झोपायला कुणालाही बसू देऊ नकोस, कंत्राटदार रागावला तरी चालेल.

प्रश्न : वाहत्या पाण्यात खांबाचा पाया कसा घालतात? (एक वाचक)

उथळ पाण्यात रोमनांची रीत अजून चालते. भोवती दुहेरी भिंत रोवायची, मध्ये चिकणमाती ठासायची, आतलं पाणी उपसायचं आणि कोरड्यात काम करायचं. खोल पाण्यात उलटा पेला पाण्यात दाबावा तशी तळ नसलेली प्रचंड पेटी खाली सोडतात आणि आत दाबानं हवा भरतात, म्हणजे पाणी बाहेर राहतं. आतली माणसं गाळ खणतात, वर खांबाचं बांधकाम चढत जातं, पेटी वजनानं खाली उतरते.

त्या दाबातून भरकन वर आलं की रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. सांधे पिळवटतात, पाय लुळे पडतात, माणूस जातोही. ईड्सच्या सेंट लुईसच्या कामावर डझनाहून अधिक मजूर असे गेले आणि कारण तेव्हा कुणाला कळत नव्हतं. ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः याच आजारानं अंथरुणाला खिळला, आणि पुढची वर्षं त्याची पत्नी एमिली हिनं अभ्यास करून, त्याच्या सूचना साइटवर नेऊन काम तडीला नेलं. मॅनहॅटनच्या बाजूला पेटी 24 मीटरवर गेली होती, खडक आणखी खाली होता, माणसं मरायला लागली होती. रोबलिंगनं घट्ट वाळू तपासली आणि तिथंच थांबायचं ठरवलं. 1883 पासून तो मनोरा वाळूवरच उभा आहे. त्या निर्णयाबद्दल मला त्याच्याविषयी अपार आदर आहे.

प्रश्न : सैनिक पुलावर एका तालात का चालत नाहीत? (माजी सैनिकाची मुलगी)

1831 मध्ये मँचेस्टरजवळच्या ब्रॉटन झुलत्या पुलावर सैनिकांची तुकडी पावलात पाऊल टाकत गेली, पूल झुलायला लागला, त्यांना मजा वाटून त्यांनी ताल वाढवला आणि एक बोल्ट तुटून पूल कलंडला. कुणी दगावलं नाही, पण पुलावर ताल मोडण्याचा हुकूम तेव्हापासून निघाला. 1850 मध्ये फ्रान्समधल्या आंजेच्या पुलावर दोनशेहून जास्त सैनिक बुडाले. तिथं वादळ होतं आणि केबलींच्या तारा गंजलेल्या होत्या, दोष एकट्या तालाचा नव्हता. लंडनच्या मिलेनियम पुलावर 2000 साली कुणीच ताल धरला नव्हता. पूल बाजूला जरासा हलला, तोल सावरायला माणसं नकळत त्याच लयीत पाय टाकू लागली, आणि हेलकावा वाढत गेला. दोन दिवसांत पूल बंद केला आणि झटके शोषणारी यंत्रं बसवून 2002 मध्ये पुन्हा उघडला.

प्रश्न : तुमचा सर्वांत आवडता पूल कोणता? (अनेक वाचक)

स्वित्झर्लंडमधला साल्गिनाटोबेल. रॉबर्ट मायार या अभियंत्यानं 1930 मध्ये एका अरुंद, खोल घळीवर टाकलेली 90 मीटरची पांढरी काँक्रीट कमान. स्पर्धेतला सर्वांत स्वस्त आराखडा म्हणून ती निवडली गेली. लोक तिच्या बारीकपणावर भाळतात. मी आधी तिच्या खालच्या लाकडी सांगाड्याचा फोटो बघते, असे सांगाडे उभारण्यात वाकबगार असलेल्या रिखार्ड कोरायनं घळीच्या तळापासून पंख्यासारखा वर उघडत नेलेला. एवढी मोठी कमान इतक्या सडपातळ लाकडांवर ओतता आली, कारण मायारनं सगळं वजन लाकडावर एकदम टाकलंच नाही. आधी कमानीचा पातळ तळ तेवढा ओतला. तो कडक झाल्यावर त्यानंच वरच्या भिंतींचं आणि रस्त्याचं वजन घेतलं. लाकडाला पेलायचा होता फक्त तो पातळ तळ.